घाटमाथ्याची आडवळणे: नाणेघाट ते आहुपे

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची पश्चिम हद्द सह्याद्रीच्या ऐन धारेवरून जाते. या धारेला लागून घाटघर, अंजनावळे, हातवीज, दुर्गवाडी, आहुपे अशी विखुरलेल्या वाड्यांची गावे असून त्यांत मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. गेल्या काही वर्षांत पावसाळी पर्यटनाच्या आणि जमीनविक्रीच्या जाहिरातींत या पट्ट्याला ‘अस्पर्श’, ‘अज्ञात’, ‘जगापासून दूर राहिलेला’ अशी विशेषणे लागू लागली आहेत. ती लावणाऱ्यांचा समज असा दिसतो की ही गावे मुळापासूनच आडबाजूची होती आणि आता कुठे जगाला त्यांचा शोध लागत आहे. इतिहासाचा पुरावा याच्या बरोबर उलट आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे अनेक शतके हा घाटमाथा पश्चिम भारतातील एका वर्दळीच्या व्यापारी मार्गाच्या तोंडाशी होता. परगावच्या, किंबहुना परदेशी लोकांनीही येथे पैसा गुंतवला होता, येथील जमिनीचे उत्पन्न ठरावीक कामांसाठी कायमचे लावून दिले होते आणि तसे दगडात कोरूनही ठेवले होते. आजचे आडवळण नंतरच्या काळात घडले, आणि ते कोणत्या क्रमाने घडले हे पाहिल्याशिवाय येथील जमिनीच्या आजच्या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

घाटमाथा म्हणजे सह्याद्रीच्या कड्याला लागून असलेली देशावरची उंच पट्टी. तिच्या पश्चिमेला कोकणकडा सरळ ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या बाजूला उतरतो, तर पूर्वेला डोंगराच्या सोंडांमधून नद्यांची खोरी उलगडत जातात. पुण्याच्या दक्षिणेकडील अशा खोऱ्यांना मावळ म्हणतात, तर जुन्नर भागात त्यांना नेर ही संज्ञा होती. कुकडी नदीचे ते कुकडनेर, मीनेचे मिननेर, घोडनदीचे घोडनेर. कुकडी पूर गावच्या कुकडेश्वर मंदिराच्या परिसरात उगम पावते आणि घोडनदी आहुप्याच्या बाजूला. धारेवर पाऊस मुसळधार पडतो. तेथून पूर्वेला जुन्नर तालुक्याच्याच बेल्हे-आणे पठाराकडे जावे तर तो इतका उणावत जातो की एकाच तालुक्यात भातखाचरांचा आणि ज्वारी-बाजरीचा असे दोन वेगळे प्रदेश दिसतात. घाटमाथ्यावर सपाट जमीन थोडी. ओढ्याकाठच्या उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे आणि त्यांच्या वरच्या बाजूची, नाचणी-वरई-खुरासणीसाठी आलटून पालटून पेरली जाणारी वरकस जमीन, एवढीच येथील शेती. जमिनीतून मिळणारे उत्पन्न पूर्वीही बेताचे असणार. या पट्ट्याला मोल आले ते वाटेमुळे.

ती वाट नाणेघाटाची. कोकणातल्या वैशाखरे गावाकडून चढणारी ही पायवाट जेथे माथ्यावर येते, तेथे कातळात खोदलेली एक प्रशस्त लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील दीर्घ लेख आहे. कर्नल साइक्स याने १८२० च्या दशकात या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व जॉर्ज ब्यूलर यांनी त्याचे वाचन पक्के केले. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय इत्यादी यज्ञांची नावे आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण नाणी यांचे आकडे या लेखात आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात ते आकडे फार जुन्या पुराव्यांपैकी मानले जातात. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नायनिका आणि श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. माथ्यावर दगडात घडवलेला एक मोठा रांजण असून त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकीत, असे सर्रास सांगितले जाते. लेणीतला लेख मात्र यज्ञांचा आणि दक्षिणांचा आहे, जकातीचा नाही. त्यामुळे रांजणाची ही कथा संभाव्य असली तरी तिला लेखाचा आधार देता येत नाही, आणि उन्हाळ्यात चढून आलेल्या माणसा-जनावरांना पाणी देणे हाही त्या रांजणाचा तितकाच शक्य उपयोग आहे. राजघराण्याने आपली नावे आणि प्रतिमा पैठणच्या राजवाड्याऐवजी एका घाटाच्या तोंडाशी कोरवून घेतल्या, हीच गोष्ट या वाटेचे महत्त्व सांगायला पुरेशी आहे. येथून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस त्या पडत होत्या.

खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर, आणि तेथून पुढे पैठण व तेर, अशी ही साखळी होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो तो या व्यापाराच्या संदर्भातच. या मालामागून माणसे आली आणि माणसांमागून पैसा. जुन्नरच्या भोवती तुळजालेणी, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी खोदली गेली. एका गावाच्या परिसरात इतकी लेणी असण्याची उदाहरणे भारतात क्वचितच सापडतील. त्यांतील दानलेख वाचले म्हणजे दात्यांत परगावचे किती होते ते कळते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दिले आहे. भडोचच्या दोन भावांनी एक लेणे दिले आहे. शिवनेरीवर इरिल या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि मानमोडीवर चंद नावाच्या तिसऱ्याने चैत्याचे प्रवेशद्वार. यवन म्हणजे मुळात ग्रीक, आणि व्यापक अर्थाने पश्चिमेकडून आलेले परदेशी. महाक्षत्रप नहपानाचा मंत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडीवर मंडप आणि टाके दिल्याचाही लेख आहे. हे वर्ष शकगणनेचे धरले तर ते इसवी सन १२४ च्या आसपास येते.

जमिनीच्या दृष्टीने याहून मोलाचे लेख वेगळे आहेत. कोणाचिक श्रेणीतला अदुथुम नावाचा शक उपासक वडालिका येथील वीस निवर्तने करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुतक येथील नऊ निवर्तने वडासाठी लावून देतो. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. तिच्याकडे ठेवी घेण्याचेही काम असे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे माप असून त्याचा आकार ग्रंथागणिक बदलतो. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमांचा व त्यांवरील मासिक व्याजाचा उल्लेख येतो, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच एक लेणे व टाके दिल्याची नोंद आहे. अशा ठेवीला अक्षयनीवि म्हणत. मुद्दल कायम राहायचे, त्याला हात लावायचा नाही, आणि व्याजातून किंवा पिकातून ठरलेले काम वर्षानुवर्षे चालवायचे, असा तिचा नियम होता. गुंतवणूक बाहेरची असली तरी तिचे उत्पन्न जेथल्या तेथे खर्च होत होते. या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. वीस निवर्तनांत कोण राबत होते, त्याला काय मिळत होते आणि जमीन लावून देण्यापूर्वी त्याला कोणी विचारले होते का, याविषयी एकही लेख बोलत नाही. दाता, श्रेणी, संघ, गावाचे नाव, झाडाचे नाव, हे सगळे दगडावर आहे. कसणारा नाही.

कसणाऱ्याशिवाय जमीन निरर्थक असते, याची जाणीव मात्र त्या काळच्या राजांना होती, आणि तिचा पुरावा शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या अठराव्या राज्यवर्षात नाशिकच्या भिक्षूंना दोनशे निवर्तनांचे शेत दिले, आणि त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती घातल्या. पुढे चोविसाव्या वर्षीचा लेख सांगतो की भिक्षूंना दिलेले कखडी गावचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याच्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने देण्यात येत आहेत. ओसाड गावातील मोठ्या क्षेत्रापेक्षा वस्तीजवळचा निम्मा तुकडा बरा, हा हिशेब तेव्हाही तसाच होता.

मध्ययुगात व्यापाराचे स्वरूप बदलले, पण वाट टिकली, आणि तिच्या रक्षणासाठी किल्ले उभे राहिले. घाटाच्या तोंडावर जीवधन, खोऱ्यात चावंड व हडसर आणि जुन्नरच्या उशाशी शिवनेरी, असे चार किल्ले ओळीने आहेत. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद जुन्नरहूनच स्वतंत्र झाला आणि मलिक अंबरने पुढे काही काळ राजधानी येथे आणली. शिवनेरीवर १६३० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि १६५७ मध्ये महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर शहर लुटले, तेव्हा हाती लागलेली लूट पाहता पेठ अद्याप भरलेली होती असेच म्हणावे लागते. जुन्नरचा हातकागद दप्तरांत नावाजलेला होता. या सर्व काळात घाटमाथ्यावरचा खरा अंमल महादेव कोळ्यांच्या नाइकांचा होता. घाटांची राखण करणे, जकातीच्या चौक्यांना माणसे पुरवणे आणि त्याबदल्यात जमिनीवर व वाटेवरील उत्पन्नावर हक्क सांभाळणे ही त्यांची भूमिका बदलत्या राजवटींनी कमीअधिक प्रमाणात मान्य केली, आणि जिने ती नाकारली तिच्या वाट्याला बंड आले.

सतराव्या शतकातील परदेशी पाहुण्यांत ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याचे नाव घेतले पाहिजे. १६७० च्या दशकात जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने मुंबईहून त्याला उपचारासाठी बोलावले. त्याच्या प्रवासवर्णनातील चढणीची वाट आहुपे घाटाची आणि परतीची नाणेघाटाची असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे आज पावसाळी भटक्यांनी नव्याने ‘शोधलेले’ आहुपे सव्वातीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात पोहोचले होते. मुंबईहून जुन्नरला जाणाऱ्या माणसासाठी ते वाटेवरचे गाव होते, इतकेच.

पहिले आडवळण एकोणिसाव्या शतकात पडले. १८१८ च्या उन्हाळ्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेने जुन्नरभोवतालचे किल्ले घेतले आणि पुन्हा कोणाला त्यांचा आश्रय घेता येऊ नये म्हणून चावंड-जीवधनच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या; जीवधनच्या तुटलेल्या पायऱ्यांवरून चढताना आजही दोर लावावा लागतो. किल्ल्यांबरोबर घाटाची राखणही संपली. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाची गाडीवाट खुली झाली, आणि १८६० च्या दशकात आधी बोरघाटातून व नंतर थळघाटातून रेल्वे देशावर आली. बैलांच्या पाठीवरून चढणारा माल चाकांवरून जाऊ लागला. नाणेघाटावरून लमाणांचे तांडे त्यानंतरही काही दशके जात राहिले, पण मुंबई आणि दख्खन यांच्यातला मोठा व्यवहार दोन लोहमार्गांनी ओढून नेला आणि त्यांच्या मधोमध असलेला हा घाट कोरडा पडला.

याचा परिणाम जमिनीच्या बाजारावरही झाला. इंग्रजांनी सह्याद्रीत थंड हवेची ठिकाणे वसवली ती याच सुमारास: महाबळेश्वर १८२० च्या दशकाअखेरीस, माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तेथे चढून गेल्यानंतर, आणि खंडाळा-लोणावळा रेल्वेमुळे. जुन्नरची हवाही त्यांना आवडली होती. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने नारायणगावजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची बाग केली होती आणि तो तेथे राहतही असे. तरीही मुंबईच्या शेठसावकारांचे बंगले आहुप्याच्या कड्यावर उभे राहिले नाहीत. कडा माथेरानपेक्षा उणा होता म्हणून नव्हे. तेथपर्यंत गाडी जात नव्हती म्हणून. माथेरानला जमिनीचे भूखंड आखले जात असताना घाटघर आणि आहुपे ही गावे नकाशावर पायवाटेच्या शेवटी होती.

बंगले आले नाहीत, पण सरकार आणि सावकार आले. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, आणि त्याच्यानंतरच्या तीन दशकांत जंगल ही सरकारी मालमत्ता असल्याचे तत्त्व पक्के होत गेले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या. डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरई पेरण्याची दळीची शेती त्या हद्दींत अडकली, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळाही परवानगीचा विषय झाला. राब म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर फांद्या, गवत आणि शेण पसरून ते जाळणे, ज्याने तण मरते आणि रोप जोमाने येते. ज्या जमिनीचा सातत्याने कसल्याचा पुरावा कागदावर नाही ती सरकारची, हे सूत्र त्या शतकात केवळ हिंदुस्थानापुरते नव्हते. जावा बेटावर डच सरकारने १८७० च्या कृषी कायद्याने मालकी सिद्ध न होणारी सगळी जमीन सरकारी ठरवली आणि ती मळेवाल्यांना पंचाहत्तर वर्षांच्या पट्ट्याने द्यायला सुरुवात केली. तेथे फिरती शेती करणाऱ्या गावांची झालेली गत घाटमाथ्यावरील वाचकाला परकी वाटणार नाही.

रयतवारी पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्याच्या नावे थेट सारा बसवणाऱ्या पद्धतीत, जमीन खातेदाराच्या नावावर झाली खरी, पण त्यामुळे ती गहाण पडण्याजोगीही झाली. सारा रोखीत, तोही ठरल्या तारखेला. भात मात्र दिवाळीच्या आसपास हाती येणार. मधले अंतर सावकाराने भरून काढले. १८७५ मध्ये पूर्वेकडील सपाट तालुक्यांत कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तो दख्खनचा उठाव सर्वांना ठाऊक आहे. पश्चिमेच्या डोंगरात त्याआधीच, १८७३ पासून, जांभोरी गावच्या होन्या भागोजी केंगले याने सावकारांवर हल्ले सुरू केले होते. त्याची टोळी सावकाराला पकडून त्याचे नाक कापी आणि रोख्यांची मागणी करी, असे सरकारी दप्तर सांगते. सरकारने त्याच्यावर इनाम लावले, डोंगरांत पोलीस ठाणी बसवली, आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्याला पकडले. १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा हा या सगळ्या असंतोषावरचा सरकारी उतारा होता. त्याने न्यायाधीशाला कर्जाच्या व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. जमिनीचा कागद खरा असला तरी व्यवहार खरा असेलच असे नाही, ही गोष्ट कायद्याने मान्य केल्याचे हे येथले पहिले उदाहरण म्हणता येईल.

दुसरे आडवळण पाण्याने घातले. स्वातंत्र्योत्तर काळात कुकडी प्रकल्पाखाली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे बांधण्याचे ठरले. त्यांतील डिंभे धरण घोडनदीवर असून त्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेराशे कोटी घनफूट, आहे. या जलाशयात ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते आंबेगावच बुडाले. तालुक्याचा कारभार पूर्वीपासून घोडेगावातून चालत असल्यामुळे कचेरीला धक्का लागला नाही. बाजारपेठ मात्र गेली, आणि घोडनेरातील पाण्याकाठची सर्वांत चांगली भातखाचरे तिच्याबरोबर गेली. धरणाचे पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याच्या दिशेने पूर्वेला जाते. जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्या उंचावर असल्याने कालव्याचे पाणी त्यांच्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खोऱ्यातली जुनी वाट बुडाल्यामुळे त्यांना बाजारासाठी काठाकाठाने वळसा पडू लागला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात आणि ते पाहायला लोक जातात. विस्थापितांपैकी जे काठावरच राहिले त्यांनी पुढे संघटना करून मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा हक्क मागितला. डोंगरात शेती करणाऱ्यांना मासेमारी मुळात येत नव्हती. ती ते शिकले.

या दोन आडवळणांच्या मधल्या काळात, १९७४ मध्ये, एक कायदेशीर बदल झाला, आणि आज या पट्ट्यात जमीन शोधत येणाऱ्या प्रत्येक माणसाची गाठ त्याच्याशीच पडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ घालण्यात आले, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देण्यास बंदी झाली. विक्रीसारख्या कायम हस्तांतरणाला त्यावर राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. घाटमाथ्याची बरीच गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही जमिनीचे बेकायदा हस्तांतरण रोखण्याचा अधिकार मिळाला. याशिवाय शेतजमीन बिगर शेतकऱ्याने घेऊ नये, हा कूळकायद्याच्या कलम ६३ चा सर्वसाधारण नियम आहेच.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. लोणावळा-माथेरानकडे पैसा गेला तेव्हा येथे वाट नव्हती, आणि माळशेज घाटाचा पक्का रस्ता, नाशिक महामार्ग आणि स्वतःची मोटार यांनी येथे यायची सोय केली तोवर जमिनीभोवती कायद्याचे कुंपण पडले होते. लवासासारखे डोंगरी शहर मुळशीकडे झाले आणि घाटघरला झाले नाही, याच्या कारणांत या उशिराचा मोठा वाटा आहे. कुंपण अभेद्य आहे असे मात्र समजू नये. आदिवासी माणसाच्याच नावे खरेदी करून प्रत्यक्ष ताबा दुसऱ्याचा ठेवणे, वर्षानुवर्षांचे साठेखत करून ठेवणे, ‘भागीदारीतील शेतघर’ दाखवणे, या पळवाटा महाराष्ट्राच्या सर्वच आदिवासी तालुक्यांत कमीअधिक चालतात. सातबारा उताऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग २’ या तीन शब्दांचा अर्थ दलाल सांगत नाही. अशी जमीन शासनाच्या अटींवर धारण केलेली असते आणि अटभंग झाल्यास ती सरकारजमा होऊ शकते, हे घेणाऱ्याला पुष्कळदा फेरफार नामंजूर झाल्यावर कळते. इंडोनेशियातही १९६० च्या कायद्याने जमिनीची पूर्ण मालकी नागरिकांपुरती राखली, परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क तेवढा मिळतो, आणि बाली बेटावरच्या पर्यटनामागोमाग स्थानिक माणसाच्या नावे जमीन घेण्याची पळवाट तेथेही रूढ झाली. समुद्रकाठ असो की घाटमाथा, अशा व्यवहारात वाद झाला की कागदावर नाव असलेला आणि पैसे दिलेला असे दोघेही अडचणीत येतात, आणि मध्यस्थ तोवर निघून गेलेला असतो.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. लेण्याद्री-ओझरचे अष्टविनायक, शिवनेरी आणि खोडदची महाकाय दुर्बीण यांच्यामुळे तालुक्याच्या मध्य भागात पाहुणे पूर्वीपासून होतेच. घाटमाथ्यावर ते आले ते मुख्यतः पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत आणि आठवड्याच्या शेवटी. नेमकी हीच आवणीची, म्हणजे भातलावणीची वेळ असते. चिखलणी झालेल्या खाचरात घरची सगळी माणसे कंबरेत वाकून रोप लावत असतात, आणि बांधाला लागून गाड्या उभ्या असतात. दरडी आणि गर्दी यांमुळे प्रशासनाला दर पावसाळ्यात नाणेघाट-माळशेजच्या परिसरात मनाई आदेश काढावे लागतात, ते वेगळेच. पाहुण्यांना घरी उतरवून जेवणखाण देणे हा धंदा काही वाड्यांनी स्वीकारला आहे आणि त्यात जमीन विकावी लागत नाही. परंतु घरटी उत्पन्नात त्याचा वाटा किती राहील हे हंगामावर ठरते, आणि हंगाम फार छोटा आहे.

वर्षाचा रोख पैसा येथे पर्यटकांपेक्षा हिरड्याने अधिक भरवशाने दिला आहे. हिरड्याची झाडे जंगलात आहेत तशी बांधावर आणि मालकीच्या वरकस जमिनीतही आहेत. कोवळी फळे पाडून, उन्हात वाळवून केलेला बाळहिरडा हा सर्वांत भाव मिळणारा प्रकार. तो औषधांसाठी जातो, तर पिकलेला हिरडा रंग आणि कातडी कमावण्यासाठी. झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला दशके घेते. म्हणून हिरड्याची वाटणी भावाभावांत शेताइतकीच काटेकोर होते, आणि एखाद्या वाडीत जमीन एकाची व त्यातले झाड दुसऱ्याचे अशी परिस्थिती आढळते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याचे मोठे नुकसान केले तेव्हा भरपाईच्या सरकारी तक्त्यात या झाडाला बसवायचे कोठे, हा प्रश्न पुढे आला, कारण ते ना फळबाग होते ना निव्वळ वनोपज.

उताराची जमीन खाचरात आणण्याची येथील पद्धत पडकई या नावाने ओळखली जाते. शेजारीपाजारी एकत्र येऊन एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबतात, दगड रचून ताल घालतात, वरची माती ओढून खाचर सपाट करतात, आणि ज्याच्या शेतावर काम तो जेवण घालतो. एका पिढीत थोडी खाचरे वाढतात. हे काम यंत्राने झपाट्याने करता येते, पण उताराचा तोल किती बदलावा हा तेथे जिवाचा प्रश्न असतो. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डिंभे जलाशयाजवळच्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टी, खडकाची झीज, उतारावर झालेले बदल यांपैकी कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये ते ताब्यात देण्यात आले. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील भराव आणि रस्ते खचल्याच्या तक्रारी झाल्या. डोंगरउतारावर घर कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये याचे ज्ञान ज्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे, त्यांच्याकडे विक्रीसाठी भूखंड आखणाऱ्यांनी अद्याप चौकशी केल्याचे दिसत नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेला, अनुसूचित क्षेत्राची हद्द संपते तेथून पुढे आणि विशेषतः जलाशयांच्या काठाने, गुंठ्यांचे दर मात्र दरवर्षी वाढत आहेत, आणि हद्दीच्या अलीकडे-पलीकडे जमीन त्याच मातीची, त्याच उताराची आहे.